घरच्या मीडिया सर्व्हरला ओएस (ऑपरेटिंग सिस्टम) कुठली टाकावी? वडिलांची जुनी रेकॉर्डिंग आहेत

शाहूपुरी_चौथी_गल्ली:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज विचारूनच टाकतो. पप्पांचा व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय होता. लग्नं, मुंजी, वास्तुशांती तर असायच्याच, पण त्यांचा खरा नाद कुस्तीचा, त्यामुळं कोल्हापूरच्या खासबागेतली मैदानं, आसपासच्या गावांतले जत्रेतले फड, शिवाय ओळखीपाळखीनं काही गाण्याच्या मैफली असं बरंच काही त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यात धरून ठेवलंय. सुरुवातीला व्हीएचएस, मग हाय-८, नंतर मिनी डीव्ही. या सगळ्या कॅसेटी आता कॉम्प्युटरवर उतरवून झाल्यात आणि ४ टीबीच्या एका डिस्कवर साधारण २.६ टीबी भरलंय. दुसरी २ टीबीची आहे तिच्यावर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलचे फोटो-व्हिडिओ. दोन्ही एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमधल्या.

मशीन म्हणजे ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप, आय५ ६५००, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी. त्यावर विंडोज १० होतं आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या पिढीचा प्रोसेसर असल्यामुळं ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि जुगाड करून बसवलेलं मला घरच्या डेटासाठी नको.

पाहिजे काय तर पप्पांनी टीव्हीवर रिमोटनं आपलं आपण लावून बघावं, बहीण पुण्यात असते तिलाही तिथून दिसावं, लाईट जाऊन आली की मशीन स्वतःच उठावं, आणि मी घरी नसलो तरी कुणाचं अडू नये. लिनक्स म्हणाल तर कॉलेजात उबुंटू वापरलंय, टर्मिनलची भीती नाही पण रोज त्यात बसायला वेळही नाही. डोक्यात विंडोज तसंच ठेवणं, उबुंटू, डेबियन, ओपनमीडियाव्हॉल्ट, ट्रूनॅस आणि अनरेड एवढी नावं फिरतायत. लायसन्सला पैसे घालण्यापेक्षा डिस्कला घालेन असं वाटतंय. अनुभवी लोकांनी सांगा.

उद्यमनगर_लेथ:

भावा, एवढं रेकॉर्डिंग जपून उतरवून घेतलंस हेच लय मोठं काम झालं. आता ओएसचं. तू लिहिलेल्या सगळ्यांवर जेलीफिन (आपले व्हिडिओ टीव्ही-मोबाईलवर दाखवणारं फुकट सर्व्हर सॉफ्टवेअर) चालतंय, त्यामुळं कशावर काय चालतं यात वेळ घालवू नको. एकच बघ, ज्या दिवशी मशीन बंद पडेल त्या दिवशी तुझी डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावली तर डेटा सरळ वाचता येतो का, आणि ते कसं करायचं हे तुला स्वतःला कळतं का. हे दोन प्रश्न लावलेस की माझ्या मते डेबियन उरतं.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय. तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढं दोन वर्षं एलटीएसचा (लांब मुदतीचा), म्हणजे एकदा बसवलंस की पाच वर्षं मोठ्या अपग्रेडची कटकट नाही. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपच्या सगळ्या टिका काढून टाक, एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून टर्मिनल उघडायला) आणि स्टँडर्ड युटिलिटीज एवढंच ठेव. ८ जीबी रॅम अशा सेटअपला उतू जाते. जेलीफिन डेबियनच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअरच्या भांडारात) नाही, पण जेलीफिनवाल्यांची स्वतःची रिपॉझिटरी आहे, ती जोडून इन्स्टॉल केलंस की बाकीच्या अपडेटबरोबर तेही अपडेट होत राहतं, आणि त्यांनी तयार केलेलं एफएफएमपेग (व्हिडिओचं रूपांतर करणारं टूल) सोबतच येतं त्यामुळं ड्रायव्हरच्या मागं फिरावं लागत नाही. मग ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट ८०९६, झालं.

प्लेक्स, म्हणजे जेलीफिनसारखंच दुसरं सॉफ्टवेअर, का नको ते पण सांगतो, कारण कोणीतरी सुचवणारच. प्लेक्स वाईट नाही, टीव्हीवरचं ॲप देखणं आहे. पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला (चिपच्या मदतीनं व्हिडिओ चालताचालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला) पैसे भरून प्लेक्स पास घ्यावा लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघायलाही पैसे झाले. तुझी बहीण पुण्यातनं बघणार म्हणजे दोन्ही गोष्टी तुला लागणार. जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं निघालं, ते एम्बीचा कोड सगळ्यांना खुला राहिला नाही म्हणूनच, आणि तेव्हापासून पूर्ण मोकळं आहे. घरच्या खाजगी रेकॉर्डिंगसाठी मला तेच योग्य वाटतं, लॉगिन कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवरून होत नाही, इंटरनेट बंद असलं तरी पप्पांचा टीव्ही चालू राहतो.

तुझ्या ६५०० मध्ये क्विक सिंक (प्रोसेसरमधलाच व्हिडिओ रूपांतराचा भाग) आहे. एच२६४ आणि ८ बिटचं एचईव्हीसी (दोन्ही व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) हार्डवेअरवर होतं. १० बिटचं एचईव्हीसी मात्र नाही, ते सातव्या पिढीपासून आलं. आयफोनवर एचडीआर चालू ठेवून काढलेले व्हिडिओ १० बिटचे असतात, तेवढे प्रोसेसरला जड जातील. बाकी काय प्रॉब्लेम नाही. फक्त जेलीफिनचा युजर रेंडर ग्रुपमध्ये (ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या गटात) आहे का ते तपास, हार्डवेअर चालत नाही म्हणून ओरड करणाऱ्या निम्म्या लोकांचं तिथंच अडलेलं असतं.

उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकलंस तरी माझी हरकत नाही, कॉलेजात हात बसलाय तर तेही पाच वर्षं चालतंय. दोन्हीत फरक थोडा आहे, मी डेबियनकडं झुकतो ते त्यात मी न मागितलेलं काही येत नाही म्हणून.

राजारामपुरी_नववी:

उद्यमनगरवाल्या दादांचं डिस्कचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण नुसतं डेबियन सगळ्यांना झेपेल असं नाही, म्हणून ओपनमीडियाव्हॉल्टची (ओएमव्ही) बाजू मांडतो. ते मुळात डेबियनच आहे (ओएमव्ही ७ म्हणजे आतून डेबियन १२), वर वेब इंटरफेस. फ्रीनॅसवर (ट्रूनॅसचं जुनं नाव) काम केलेल्या फोल्कर टायले यांनी सुरू केलेला प्रकल्प आहे. डिस्क साध्या ईएक्सटी४ मध्येच (लिनक्सचं नेहमीचं फॉरमॅट) राहतात, म्हणजे उद्या मशीन गेलं तर कुठल्याही लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डेटा वाचता येतो.

यात मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे स्मार्ट, डिस्कची स्वतःची तब्येत-तपासणी. डिस्कमध्ये खराब सेक्टर वाढायला लागले की मेल येतो, आणि ते सगळं ब्राउझरमधून चार टिका मारून चालू होतं. डेबियनवरही करता येतं, पण करायचं म्हणून राहून जातं, आणि डिस्क मरायला लागल्याचं पहिल्यांदा कळतं ते टीव्हीवर व्हिडिओ अडकतो तेव्हा. शेअर्ड फोल्डर, साम्बा (घरातल्या नेटवर्कवर फाइली शेअर करायला), युजर, परवानग्या सगळं एका जागी दिसतं. तू बाहेरगावी असलास आणि घरातल्या कुणाला फोनवरून समजावून सांगायचं म्हटलं तर "डावीकडं स्टोरेजवर क्लिक कर" हे सांगणं सोपं, टर्मिनलमध्ये कमांड टाइप करायला सांगणं अवघड.

काही गोष्टी आधीच माहिती असू देत. इन्स्टॉलर अख्खी एसएसडी ताब्यात घेतो, त्यातली उरलेली जागा डेटाला वापरू असं ठरवून ठेवू नकोस. पहिला पासवर्ड सगळ्या जगाला माहिती आहे, तो पहिल्या लॉगिनलाच बदल. आणि एकदा ओएमव्ही घेतलं की साम्बा वगैरेच्या कॉन्फिग फाइली हातानं बदलायच्या नाहीत, कारण पुढच्या वेळी वेब इंटरफेसमधून काही सेव्ह केलं की तो त्या फाइली स्वतः नव्यानं लिहितो आणि तुझे बदल पुसले जातात. ज्याला हातानं खेळायची सवय आहे त्याला हे खटकतं, ज्याला खेळायचंच नाही त्याला चांगलं.

अनरेडबद्दल थोडक्यात. पैसे भरून घ्यावं लागतं, पेनड्राइव्हवरून बूट होतं आणि लायसन्स त्या पेनड्राइव्हला बांधलेलं असतं. सात-आठ वेगवेगळ्या मापाच्या डिस्क असतील तर त्याच्यासारखं सोयीचं दुसरं नाही. दोन डिस्कसाठी कशाला?

शाहूपुरी_चौथी_गल्ली:

दोघांचेही मनापासून आभार, एवढं सविस्तर कोण सांगतं. आणखी दोन-तीन गोष्टी विचारतो. एक म्हणजे डिस्क एनटीएफएसच ठेवून लिनक्समध्ये लावल्या तर नाही का चालणार? २.६ टीबी इकडून तिकडं करायचं म्हणजे धडकी भरते.

दुसरं, मिनी डीव्हीवरून घेतलेल्या फाइली एव्हीआय आहेत, प्रत्येक तासाची फाइल राक्षसासारखी मोठी, आणि आमच्या अँड्रॉइड टीव्हीवर पेनड्राइव्हनं लावल्या तर उघडतच नाहीत. ज्या उघडतात त्यात पैलवान झटक्यात पट काढायला गेला की हातापायांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, उभा असला की चित्र स्वच्छ. कॅसेट खराब झालीय का ओएसनं फरक पडतो काही कळत नाही.

चित्रफीत_जतन:

कॅसेट अजिबात खराब नाही, काळजी करू नका. आणि याचा ओएसशीही संबंध नाही, पण हे आधी मिटवलंत तर ओएसचा प्रश्न निम्मा हलका होईल म्हणून सविस्तर लिहिते, माझं कामच जुन्या फिती डिजिटल करण्याचं आहे.

आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, आधी एकाआड एक ओळी आणि मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं मधल्या राहिलेल्या ओळी. जुना काचेचा टीव्ही त्या तशाच एकामागून एक रंगवायचा त्यामुळं दाते दिसायचे नाहीत. आताचा टीव्ही दोन्ही अर्धी चित्रं एकत्र करून एकदम दाखवतो, आणि तेवढ्या वेळात पैलवानाचा हात पुढं गेलेला असतो, म्हणून कडा दातेरी. याला डीइंटरलेस करावं लागतं. एफएफएमपेगमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ नावाचा फिल्टर आहे, तो वापरून २५ ऐवजी सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम बनवा. पंचवीसच ठेवल्या तर अर्धी हालचाल फेकून दिल्यासारखी होते, आणि कुस्तीत तीच तर बघायची असते. ढाक लागताना खांदा नेमका कधी फिरला हे पन्नास फ्रेममध्ये दिसतं, पंचवीसमध्ये निसटतं. एक लक्षात ठेवा, डीव्हीमध्ये खालच्या ओळी आधी येतात, आणि बाकी बऱ्याच कॅप्चरमध्ये वरच्या आधी. ते उलटं झालं तर चित्र पुढं-मागं थरथरतं, तसं दिसलं तर फील्डचा क्रम बदलून बघा.

डीव्हीची फाइल तासाला साधारण १३ जीबी होते, ते बरोबरच आहे, ती मूळ प्रत समजून हात न लावता ठेवायची. तिच्यावरून एच२६४ ची बघायची प्रत बनवा, चांगला दर्जा ठेवूनही तासाला दोन-तीन जीबीत बसते. ही प्रत टीव्ही थेट वाजवतो, सर्व्हरला काही रूपांतर करायची गरज राहत नाही, तो फक्त फाइल पोचवतो. मूळ डीव्ही फाइल जेलीफिनला दिली तर तीही चालेल, पण प्रत्येक वेळी ट्रान्सकोड करूनच. पप्पा तीच कुस्ती पुन्हा पुन्हा बघणार असतील तर तेच काम रोज करायला लावण्यात अर्थ नाही.

जेलीफिनमध्ये लायब्ररी बनवताना प्रकार "होम व्हिडिओ आणि फोटो" असा निवडा. चित्रपट म्हणून निवडलं तर तो इंटरनेटवर नावं शोधत बसतो आणि जत्रेच्या फडाला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तुमच्या फाइलींची नावं मराठीत आहेत का? एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरांची, पण ईएक्सटी४ मध्ये ती २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यात काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. "कोल्हापूर" एवढ्या शब्दाचे २७ बाइट झाले. म्हणजे सगळं मिळून ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. पैलवानांची नावं, गाव, जत्रा, तारीख, पंचांचं नाव असं सगळं फाइलच्या नावात घातलं असेल तर कॉपी करताना तेवढ्याच फाइली नाव लांब आहे म्हणून मागं राहतील. नाव छोटं ठेवा, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सुरुवातीला, बाकीची माहिती शेजारी त्याच नावाच्या एनएफओ फाइलमध्ये लिहा, जेलीफिन ती वाचतं. वडिलांना जोवर कुणाची कुस्ती कुणाशी होती हे आठवतंय तोवर त्यांच्या शेजारी बसून हे लिहून घ्या. सर्व्हर नंतरही होईल.

उद्यमनगर_लेथ:

ताईंनी नावांचं जे सांगितलं ते लय मोलाचं आहे, कॉपी करायच्या आधी नावं तपासून घे.

एनटीएफएसचं उत्तर. लिनक्स कर्नलमध्ये ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, एनटीएफएसचा चांगला ड्रायव्हर आलाय, वाचायला-लिहायला चालतंय. पण लाईट अचानक गेली आणि डिस्क नीट बंद झाली नाही तर पुढच्या वेळी लिनक्स ती लावून घ्यायला नकार देऊ शकतं, आणि तिची खरी दुरुस्ती विंडोजमधल्या चेकडिस्कनंच होते. घरात विंडोजच उरलं नाही तर ती डिस्क घेऊन कुणाकडं जाणार? मे महिन्यात वळीव आला की आपल्याकडं लाईटचं काय होतं ते तुला सांगायला नको. ईएक्सटी४ मध्ये जर्नल (चालू बदलांची नोंद) असतं, ती बूट होताना स्वतः सावरून घेते.

बदलायचं कसं तर जुन्या डिस्कला हातच लावू नको. लायसन्सचे पैसे डिस्कला घालेन म्हणालास ना, तर नवीन ४ टीबी किंवा जमलं तर ८ टीबी घे, तिला ईएक्सटी४ कर, जुनी एनटीएफएस नुसती वाचण्यापुरती लाव आणि आरसिंकनं (लिनक्समधली कॉपीची कमांड) सगळं ओढून घे. यूएसबीवरून करणार असलास तर रात्रभर चालू राहील, राहू दे. झाल्यावर चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) लावून पुन्हा एकदा आरसिंक चालव, काही फरक निघाला नाही तरच पुढं जायचं. आणि मग ती जुनी ४ टीबी आहे तशीच बंद करून पुण्याला बहिणीकडं ठेवून दे. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत कुठवर येतं हे २०१९ ला आणि २०२१ ला आपण सगळ्यांनी बघितलंय. एक प्रत दुसऱ्या गावात असलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

ईएक्सटी४ बनवलीस की आणखी एक कर. ती मुळात ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टमच्या मुख्य युजरसाठी) राखून ठेवते, ४ टीबीत ती २०० जीबी होते. ज्या डिस्कवर ओएस नाही तिथं याचा काही उपयोग नाही, ट्यून-टू-एफएस वापरून शून्य करून टाक, तुझ्या डीव्हीच्या पंधरा तासांची जागा मोकळी होईल.

झेडएफएस_प्रेमी_सांगली:

शेजारच्या जिल्ह्यातून लिहितोय. वरचं सगळं मान्य, पण इथं परत कधीच मिळणार नाही असा डेटा आहे, म्हणून झेडएफएस या फाइल सिस्टमचा विचार व्हायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. ईएक्सटी४ ला डिस्कवरचा एखादा बिट गुपचूप बदलला तर कळत नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतं, दोन सारख्या डिस्क मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा) असतील तर बिघडलेला ब्लॉक दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करतं, आणि महिन्यातून एकदा स्क्रब लावलं की सगळी तपासणी होते.

यासाठी ट्रूनॅस सगळ्यात सोयीचं. पूर्वी ते फ्रीबीएसडी नावाच्या दुसऱ्या ओएसवर होतं, २०२२ पासून लिनक्सवरचं आलं आणि आता तेच मुख्य झालंय. किमान ८ जीबी रॅम मागतं, म्हणजे तुझ्याकडं जेमतेम आहे, मी तर १६ करून घे म्हणेन, जुन्या मशीनची रॅम फार महाग पडत नाही. डिस्क घेताना एसएमआर प्रकारची (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) घेऊ नको, मिरर पुन्हा भरताना ती खूप रडवते, सीएमआर लिहिलेली बघून घे. आणि एकाच डिस्कवर झेडएफएस टाकलंस तर बिघाड कळेल, दुरुस्त होणार नाही, हेही ध्यानात ठेव.

उद्यमनगर_लेथ:

सांगलीकरांचा मुद्दा चुकीचा नाही आणि मी तो झटकत नाही. फक्त ह्याच्याकडं पैसे दोन डिस्कचे असतील तर मी पहिली दुसऱ्या गावातली प्रत करीन आणि मग मिरर. मिररमधल्या दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच सॉकेटवर, एकाच पुरात असतात, आणि कुणी चुकून फोल्डर डिलीट केला तर दोन्हीकडून एकदमच जातो. बिट बदलण्याची भीती राहतेच, त्यावर सोपा उपाय आहे, सगळ्या मूळ फाइलींच्या शा२५६ चेकसमची यादी एकदा बनवून ठेवायची आणि वर्षातून दोनदा ताडून बघायची. जिथं जुळत नाही ती फाइल पुण्याच्या प्रतीवरून आणायची. मूळ प्रती बदलणारच नाहीत म्हणून हे जमतंय.

झेडएफएस_प्रेमी_सांगली:

हो, यादी नेमानं ताडली जाणार असेल तर मला मान्य आहे. बहुतेक घरांत ती ताडली जात नाही म्हणून मी मशीनवर सोपवायला सांगतो. त्या यादीचं काम क्रॉनला (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारं) लावून दे, फरक निघाला तर मेल यायला हवा, मग माझी तक्रार नाही.

कसबा_बावडा_मॅन:

सगळे लिनक्स म्हणतायत म्हणून दुसरी बाजू. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट घेता येतात आणि जेलीफिन विंडोजवरही सर्व्हिस म्हणून बसतं, क्विक सिंकपण चालतंय. कायमसाठी ठेव म्हणत नाही. पण आत्ता आहे त्याच मशीनवर जेलीफिन टाकून पप्पांना आठवडाभर वापरू दे, टीव्हीवरचं ॲप त्यांना जमतंय का, अक्षर मोठं लागतंय का, मराठी नावं नीट दिसतात का ते कळेल. मग सगळं पुसून लिनक्स टाक.

शाहूपुरी_चौथी_गल्ली:

तुम्हा सगळ्यांमुळं डोकं एकदम स्वच्छ झालं. ठरवलंय ते सांगतो. बावड्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं आधी विंडोजवरच जेलीफिन लावून घरच्यांना वापरायला देतो. मग एसएसडीवर ओएमव्ही, कारण स्मार्टचे मेल आणि फोनवरून समजावता येणं ह्या दोन गोष्टी आमच्या घराला लागू पडतात, आणि आतून डेबियनच आहे म्हटल्यावर डिस्क बाहेर काढून वाचायचा प्रश्न सुटतोच. नवीन डिस्क ८ टीबीची सीएमआर घेतोय, जुनी पुण्याला. शा२५६ ची यादी क्रॉनवर. नावांचं बघितलं तर खरंच बऱ्याच फाइलींची नावं शंभर चिन्हांच्या वर आहेत, ताईंनी सांगितलं नसतं तर कॉपी करताना गोंधळच झाला असता. पप्पांना बसवून माहिती लिहून घ्यायचं आज रात्रीच सुरू करतो, कुठल्या फडात कोण चितपट झालं हे ते अजून तारखेसकट सांगतात.

आता फक्त लाईट आणि बहिणीचं राहिलं. घरात इन्व्हर्टर आहे पण मशीन त्यावर नाही, एक छोटा यूपीएस पडून आहे. आणि नेटवाल्यांकडून पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळत नाही, राऊटरमध्ये पोर्ट उघडून काही उपयोग होईना.

राजारामपुरी_नववी:

चांगली निवड केलीस. बहिणीसाठी टेलस्केल घाल, ते लांबची मशीनं खाजगी नेटवर्कनं जोडतं. आत वायरगार्ड ही व्हीपीएन पद्धत आहे, घरगुती वापराला फुकट, आणि पब्लिक आयपी नसला तरी चालतं. सर्व्हरवर एकदा आणि तिच्या मोबाईलवर किंवा अँड्रॉइड टीव्हीवर एकदा लॉगिन, मग टेलस्केलनं दिलेला आयपी आणि ८०९६, ती घरात बसल्यासारखी बघेल. उद्या पब्लिक आयपी मिळाला तरी राऊटरमध्ये ८०९६ उघडून ठेवू नकोस. बाहेरून बघताना तुझ्या घरचा अपलोड स्पीड महत्त्वाचा, तो कमी असेल तर तिच्या ॲपमध्ये बिटरेट कमी करून ठेव, तेवढ्या वेळी क्विक सिंक कामाला येईल.

उद्यमनगर_लेथ:

लाईटचं माझ्याकडं. बायोसमध्ये जाऊन लाईट आल्यावर मशीन चालू व्हावं ही सेटिंग लाव, ऑफिसच्या मशीनमध्ये पॉवरच्या विभागात ती असतेच. बायोसची छोटी बॅटरी जुनी झाली असेल तर सेटिंग आणि घड्याळ दोन्ही पुसलं जातं, मशीन उघडलंच आहेस तर नवीन टाक, सीआर२०३२ कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

पुढं कधी एफस्टॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची फाइल) हातानं यूएसबी डिस्क जोडलीस तर नोफेल लिहायला विसरू नको. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही तर लिनक्स बूट अर्ध्यात थांबवून पासवर्ड मागत बसतं, आणि मशीनला मॉनिटर नसल्यामुळं घरच्यांना फक्त "टीव्हीवर काही लागेना" एवढंच कळतं. ओएमव्हीतून जोडलीस तर तोच हे सांभाळतो.

विजेचा खर्च विचारला नाहीस तरी सांगतो, मशीन आणि डिस्क मिळून ३० वॅट धरलं तर महिन्याला साधारण २१-२२ युनिट होतात. नवीन एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी याच्या निम्म्यातही चालतो, पण चालू मशीन टाकून नवीन घेण्याएवढा तो फरक नाही.

यूपीएस मात्र लाव. राऊटरपण त्यावरच घे. यूपीएसच्या मागं यूएसबीचं पोर्ट असेल तर मशीनला जोड आणि ओएमव्हीत नट नावाचं प्लगइन टाक, बॅटरी संपत आली की ते मशीन नीट बंद करतं, डिस्क लिहिता लिहिता मध्येच तुटत नाही. चांगल्या बॅटरीची खात्री करून घे, पडून राहिलेला यूपीएस बहुतेक वेळा दोन मिनिटंही टिकत नाही. मागं चौकोनी यूएसबी पोर्ट आहे का आणि बॅटरी किती एएचची आहे ते बघून इथं टाक, मग नटमध्ये कुठला ड्रायव्हर लावायचा ते सांगतो.